सूर्य दारी, अर्ज दप्तरी

लातूर जिल्ह्यातील उदगीर-देवणीचा टापू आणि बिदर जिल्ह्यातील औराद-भालकीचा टापू यांच्यामध्ये ना डोंगर आहे, ना समुद्र. तीच जमीन, तेच तुरीचे पीक आणि पावसाची तीच बेभरवशाची वाट. सूर्यही दोहोंकडे सारखाच तळपतो. मात्र विहिरीवर सौरपंप बसवायचा झाला, तर महाराष्ट्राच्या २०२४ च्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरावा असे ठरले, आणि कर्नाटकाच्या योजनेत पाचवा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे झाले. त्या रेषेची किंमत सीमेवरचा शेतकरी आजही अशी रुपयांत मोजतो आहे.

कर्नाटक सरकारने या कामी हात आखडता घेतला, असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्राच्या २०१९ च्या ‘कुसुम’ योजनेत केंद्राने तीस टक्के व राज्याने तीस टक्के द्यावेत, उरलेला भार शेतकऱ्याने कर्ज काढून वा पदरमोड करून उचलावा, अशी मूळ रचना होती. कर्नाटकाने २०२३ मध्ये आपला वाटा पन्नास टक्क्यांवर नेला. त्याच वर्षी शेतीपंपाच्या नव्या वीजजोडणीसाठी लागणाऱ्या खांब-तारांचा खर्च शेतकऱ्यावर टाकण्याचे, आणि वीजवाहिनीपासून ५०० मीटरहून दूर असलेल्या विहिरींना सौरपंपाकडे वळविण्याचे धोरणही आले. म्हणजे ज्याची विहीर गावापासून लांब, त्याला सौरपंप ही हौस राहिली नाही; ती त्याची गरज झाली. आणि गरज झाली म्हणूनच अर्जाची वाट निर्वेध असणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

ती वाट निर्वेध आहे काय? अनुदान शेतकऱ्याच्या हातावर पडत नाही. ते पंप बसविणाऱ्याच्या हिशेबात जाते. शेतकऱ्याने आधी अर्ज करावा, आपला हिस्सा भरावा आणि पंपाची प्रतीक्षा करावी. अर्जाला जमिनीचा उतारा हवा. आमच्याकडे तो सातबारा, तिकडे ती ‘पहाणी’. अनेक घरांत जमीन अजून स्वर्गवासी आजोबांच्या नावे असते, वाटण्या तोंडी झालेल्या असतात. कसणारा एक आणि कागदावरचा दुसरा, असा हा प्रकार. वारसाची नोंद करून घेण्यातच हंगाम उलटतो. ज्या विधवेचे नाव उताऱ्यावर चढलेलेच नाही, तिच्यासाठी तर योजना असून नसल्यासारखी. त्यात संगणकावर अर्ज भरण्याची सक्ती आली, की दलालाचे फावते. ‘कुसुम’च्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून पैसे उकळले जातात, असा इशारा खुद्द केंद्रीय मंत्रालयालाच द्यावा लागला होता.

या सर्वांवर भाषेची अडचण. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील मराठी शाळेत शिकलेल्या प्रौढ शेतकऱ्याने कन्नड अर्जावर अंगठ्याइतक्याच अज्ञानाने सही करावी, हे लोकशाहीला शोभत नाही. यात कन्नडविषयी आकस नाही. राज्याची भाषा शिकलीच पाहिजे. परंतु आपले गाऱ्हाणे देशात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. जेथे भाषिक अल्पसंख्य पंधरा-वीस टक्के आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, असे केंद्राने १९५६ मध्येच सुचविले होते. आपल्या सीमेआतील कन्नड आणि तेलुगू भाषकांना महाराष्ट्रानेही हाच न्याय लावावा. तरच आपल्या बोलण्याला वजन येईल.

अनुदानाचा एक जुना धडाही विसरता कामा नये. १९८१-८२ पासून गोबरगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला गेला. संयंत्रे बांधली गेली, आकडे छापले गेले. पण दुरुस्तीला माणूस नाही, गोठ्यात पुरेसे शेण नाही, म्हणून कित्येक टाक्या कोरड्या पडल्या. सौरपंपाच्या बाबतीत पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी पुरवठादारावर आहे. परंतु तालुक्याच्या गावी जर एकही कारागीर नसेल, तर ती जबाबदारी कागदावरच राहणार. शिवाय फुकट ऊर्जा म्हणजे फुकट पाणी नव्हे. दिवसभर चालणारा पंप विहिरीचा तळ गाठू शकतो, हे अनुदान देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही ध्यानी ठेवावे.

आमचे मागणे माफक आहे. ग्रामपंचायतीत ठरल्या वारी अधिकाऱ्याने बसून अर्ज भरून घ्यावेत. अर्जाचे मार्गदर्शन कन्नडबरोबर मराठीतही असावे. प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच मिळावी आणि नकाराचे कारण लेखी कळावे. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा कर्नाटकाने २०११ मध्ये केलेला आहे. त्याचे तत्त्व येथेही कसोशीने पाळावे. सहकारी सोसायट्यांनी शेतकऱ्याच्या हिश्शासाठी कर्ज द्यावे, आणि गावातील शिकल्यासवरलेल्या तरुणांनी दलालाची जागा घेऊ नये, ती नाहीशी करावी.

बिदरजवळ नौबादला बहामनी काळातील ‘करेझ’ आहे. जमिनीच्या पोटातून नुसत्या उताराच्या बळावर पाणी वाहून नेणारा तो बोगदा पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी खोदला गेला. निसर्गाचे बळ लोकांच्या कामी लावण्याची विद्या या मातीला नवी नाही. त्या काळी खडक फोडावा लागला. आज फोडायची आहे ती दप्तराची भिंत. ती खडकाहून कठीण ठरू नये.