जागता पहारा

रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे. त्याची आख्यायिका तुम्ही ऐकलीच असेल. गडावर दूध घालण्यासाठी गेलेली हिरकणी गवळण एके सायंकाळी तेथेच अडकून पडली, कारण सूर्यास्त होताच गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ एकटे होते आणि पहारेकरी दरवाजा उघडीनात. तेव्हा ती माउली अंधारात एक अवघड कडा उतरून घरी गेली. ही वार्ता शिवाजी महाराजांच्या कानी आली, तेव्हा त्यांनी हिरकणीला शिक्षा केली नाही. साडीचोळी देऊन त्यांनी तिचा गौरव केला आणि ज्या कड्यावरून ती उतरली होती, तेथे बुरूज बांधून घेतला. जेथून एक आई खाली उतरू शकते, तेथून शत्रूही वर चढू शकेल, हे त्या दूरदर्शी राजाने तत्काळ ओळखले.

आजच्या युगात असेच काही गड आहेत. मात्र त्यांना तट नाहीत आणि बुरूजही नाहीत. ते म्हणजे ‘सर्व्हर’ या नावाने ओळखले जाणारे संगणक होत. तुम्ही परीक्षेचा निकाल इंटरनेटवर पाहता, वडील रेल्वेचे तिकीट काढतात, आई मोबाइलवरून विजेचे बिल भरते. या प्रत्येक वेळी आपली मागणी दूरवरच्या एखाद्या सर्व्हरकडे जाते आणि तो तिचे उत्तर धाडतो. हे यंत्र अहोरात्र चालू असते आणि लक्षावधी लोकांची नावे, पत्ते, पैशांचे हिशेब व गुपिते त्याच्या पोटात साठविलेली असतात. म्हणूनच चोरांची दृष्टी त्यावर सदैव खिळलेली असते.

अशा संगणकाला काम कसे करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास ‘सॉफ्टवेअर’ म्हणतात. काही कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता गुप्त ठेवतात. याउलट काही सॉफ्टवेअर असे असते की, त्याची संहिता कोणीही वाचावी, तपासावी, सुधारावी आणि इतरांस द्यावी. त्यास ‘ओपन सोर्स’ अथवा मुक्तस्रोत असे नाव आहे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्‌स या तरुणाने ‘लिनक्स’ नावाची प्रणाली लिहावयास घेतली आणि ती जगापुढे खुली केली. देशोदेशींच्या हजारो जाणकारांनी तिच्यात भर घातली. आज जगातील असंख्य सर्व्हर तिच्यावरच चालतात.

येथे तुमच्या मनात शंका येईल की, जे सर्वांना उघडे आहे, ते सुरक्षित कसे? कुलपाचा विचार करा. कुलूप कसे बनवितात हे सर्व लोहारांना ठाऊक असते. तरीही तुमचे घर सुरक्षित राहते, कारण किल्ली तुमच्याजवळ असते. त्याचप्रमाणे संहिता उघडी असली, तरी प्रत्येकाची किल्ली, म्हणजे त्याचा पासवर्ड, गुप्तच असते. शिवाय जी वस्तू पुष्कळ जाणकारांच्या दृष्टीखालून जाते, तिच्यातील दोष लवकर सापडण्याचा संभव अधिक. परंतु त्यासाठी कोणीतरी खरोखरच पाहिले पाहिजे. सर्वांना पाहता येते म्हणून कोणीतरी पाहतच असेल, असे प्रत्येकाने मानले, तर कोणीच पाहत नाही. हा धडा जगाला २०१४ साली मिळाला.

‘ओपनएसएसएल’ नावाचे एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. दोन संगणकांमधील संभाषण तिऱ्हाइताला कळू नये म्हणून ते गुप्त लिपीत बदलणे, हे त्याचे काम. संभाषण चालू असताना पलीकडचा संगणक जागा आहे ना, हे अधूनमधून विचारण्याची एक सोय त्यात होती. एक संगणक म्हणे, “मी ‘कमळ’ हा तीन अक्षरांचा शब्द पाठवितो, तो मला परत पाठव.” दुसरा ‘कमळ’ असे उत्तर देई. दोघेही जागे आहेत, अशी खात्री होई. १४ मार्च २०१२ रोजी प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत मात्र या सोयीत एक चूक राहून गेली. शब्द ‘कमळ’ एवढाच पाठवून कोणी म्हणाले, “यात साठ हजार अक्षरे आहेत, ती सर्व परत पाठव,” तर सर्व्हर अक्षरे मोजून पाहत नसे. तो ‘कमळ’ तर देईच. पण पुढची अक्षरे भरून काढण्यासाठी आपल्या स्मृतीत शेजारी जे काही पडले असेल, तेही उचलून देई. त्यात कधी कोणाचा पासवर्ड असे, तर कधी सर्व्हरची स्वतःची गुप्त किल्लीही असे. आणि या चोरीची खूणसुद्धा मागे राहत नसे!

ही चूक कोणी जाणूनबुजून केली नव्हती. लिहिणाऱ्याच्या हातून ती झाली आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून ती निसटली. दोन वर्षांहून अधिक काळ ती तशीच राहिली. पुढे गूगलमधील नील मेहता या अभियंत्यास आणि फिनलंडमधील कोडेनोमिकॉन या कंपनीतील तज्ज्ञांस ती स्वतंत्रपणे सापडली. ७ एप्रिल २०१४ रोजी ती जगजाहीर झाली आणि त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही प्रसिद्ध झाली. ‘हार्टब्लीड’ या नावाने हा दोष ओळखला जातो. दुरुस्ती अगदी साधी होती. शब्द किती मोठा आहे हे आधी मोजावे आणि मागणी खोटी असल्यास उत्तरच देऊ नये, एवढेच!

मात्र नुसती दुरुस्ती पुरेशी नव्हती. चोराच्या हाती किल्ली लागली असेल, तर दार दुरुस्त करून काय उपयोग? कुलूपही बदलावयास हवे. म्हणून सर्व्हरच्या चालकांना आपल्या गुप्त किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या आणि लोकांना पासवर्ड बदलावे लागले. तेवढ्या अवधीतही चोर स्वस्थ बसले नव्हते. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० करदात्यांचे ओळखक्रमांक याच फटीतून चोरीस गेले.

या प्रसंगाने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. ज्या सॉफ्टवेअरवर जगातील मोठमोठे व्यापारी विसंबून होते, त्याची देखभाल मूठभर माणसे करीत होती. त्यांपैकी पूर्ण वेळ काम करणारा केवळ एकच होता आणि वर्षाकाठी देणगी मिळे ती सुमारे २,००० डॉलर! गावातील सर्वांनी विहिरीचे पाणी भरावे आणि तिचा गाळ उपसण्यास कोणीच पुढे येऊ नये, तसाच हा प्रकार होता. त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अशा कामांसाठी निधी उभारण्यास प्रारंभ केला.

दोष सापडला, दुरुस्तीही तयार झाली; पण ती वेळेवर केली नाही तर काय होते? अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीजवळ कोट्यवधी लोकांच्या कर्जांची व देण्यांची माहिती असे. ‘अपाचे स्ट्रट्स’ नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ती वापरी. त्यातील एक गंभीर दोष मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला आणि त्याची दुरुस्तीही सर्वांस विनामूल्य उपलब्ध झाली. कंपनीत तशी सूचना फिरली. परंतु एका सर्व्हरवर ती दुरुस्ती झालीच नाही. तपासणी करणाऱ्या साधनालाही तो सर्व्हर सापडला नाही. मे महिन्यात चोर त्याच वाटेने आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत ते कोणाच्या ध्यानात आले नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण येथे किती यथार्थ ठरते! सूचना देणे म्हणजे काम होणे नव्हे, हेही यावरून दिसते. आपल्या गडाला दरवाजे किती आहेत, हेच ज्याला ठाऊक नाही, तो ते बंद कसे करणार?

मग येईल ती नवी आवृत्ती डोळे मिटून स्वीकारावी काय? तेही बरोबर नाही. ‘एक्सझेड’ हे माहितीचा आकार लहान करणारे एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. एका अज्ञात व्यक्तीने टोपणनाव धारण करून सुमारे दोन वर्षे त्यात चांगली मदत केली, मूळ चालकाचा विश्वास संपादन केला आणि २०२४ च्या आरंभी नव्या आवृत्तीत गुपचूप एक चोरदरवाजा बसविला. आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्यास आपल्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे आढळून आले. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो! पण त्यांनी ते सोडून दिले नाही. शोध घेत घेत ते मुळाशी पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्वांस सावध केले. ती आवृत्ती जगभर पसरण्यापूर्वीच संकट टळले. संहिता उघडी होती, म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला मुळापर्यंत जाता आले, हे येथे विसरता कामा नये.

यावरून सर्व्हरच्या रक्षकाची कर्तव्ये स्पष्ट होतात. आपल्या यंत्रात कोणकोणते सॉफ्टवेअर आहे, याची यादी त्याने तयार ठेवावी. दुरुस्तीची वार्ता येताच ती विश्वासू ठिकाणाहूनच आणावी, शक्य तर प्रथम वेगळ्या यंत्रावर पारखून पाहावी आणि मग विलंब न लावता बसवावी. जी दारे लागत नाहीत, ती बंद करावी. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा. कोण आले, कोण गेले याची नोंदवही रोज वाचावी. सर्व माहितीची एक प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवावी आणि ती प्रसंगी उपयोगी पडते की नाही, हे मधूनमधून पाहावे. यांतील एकही काम अचाट पराक्रमाचे नाही. पण ती रोजच्या रोज करावी लागतात, आणि हेच त्यांतील खरे काठिण्य होय.

अशा रक्षकांची नावे वर्तमानपत्रांत क्वचितच झळकतात. पहारा चोख असला की काहीच घडत नाही आणि काही घडले नाही, म्हणून कोणाला त्याची आठवणही होत नाही. तरीही रात्री आपण निश्चिंत झोपतो, ते कोठेतरी कोणी जागा असतो म्हणूनच. तुमच्या घरच्या मोबाइलवर नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसली, तर “उद्या पाहू” असे म्हणून ती दूर सारू नका. वडीलधाऱ्यांच्या नजरेस आणून द्या. कोणी तुमची चूक दाखविली, तर रागावू नका. महाराजांनी हिरकणीवर राग धरला असता, तर कड्याची ती उणीव तशीच राहिली असती.

स्वाध्याय

१. हिरकणीच्या आख्यायिकेतून गडाच्या रक्षणाविषयी कोणता बोध मिळतो?
२. संहिता उघडी असूनही सॉफ्टवेअर सुरक्षित कसे राहू शकते? कुलपाच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.
३. ‘हार्टब्लीड’ हा दोष कोणता होता? तो दुरुस्त केल्यावरही किल्ल्या का बदलाव्या लागल्या?
४. ‘बैल गेला नि झोपा केला’ या म्हणीचा अर्थ सांगून ती या पाठातील कोणत्या प्रसंगास लागू पडते, ते लिहा.
५. ‘काहीच न घडणे हेच पहारेकऱ्याचे यश’ या विधानावर दहा ओळी लिहा.