मोटारीच्या मागील चाकाची गुणगुण

श्रोतेहो, गणेशचतुर्थी जवळ आली म्हणजे मुंबई-पुण्याकडील कुटुंबें आपापल्या मोटारींतून कोंकणांत उतरूं लागतात. आमचें लांजा गांव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. मुंबईपासून येथवर सुमारें ३५० किलोमीटर. लहान मोटारीच्या चाकाचा घेर १.६ मीटर धरला, तर एवढ्या वाटेंत प्रत्येक चाक सुमारें २ लाख १९ हजार फेरे घेतें. हे सर्व फेरे ज्या वस्तूच्या आधारानें होतात, तें बेअरिंग. वाटेंत मागील चाकाकडून एकसारखी गुणगुण येऊं लागली, तर पुष्कळ मंडळी ती रस्त्याची समजून पुढें जातात. ती काय सांगते, आणि झिजलेलें बेअरिंग बदलतांना कोठें दक्षता घ्यावी, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम ही वस्तु समजून घेऊं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आंसावर घांसत फिरतो. वंगण संपलें कीं करकर सुरू होते. घांसण्यापेक्षां लोळण्यास फार कमी जोर लागतो. जड पेटी सरकवितांना हमाल तिच्याखालीं गोल दांडे घालतात, ते याचसाठीं. बेअरिंगमध्यें तीच युक्ति आहे. एकांत एक अशीं दोन पोलादी कडीं, आणि त्यांच्या चरांमधून लोळणाऱ्या पोलादी गोळ्या. कारागीर त्यांना छर्रे म्हणतात. वेल्समधील कार्मार्थेन येथील फिलिप व्हॉन यानें १७९४ सालीं गाडीच्या आंसासाठीं अशा गोळ्यांचें पेटंट घेतलें होतें. गाडीचा सारा भार छऱ्यांच्या अगदीं लहानशा स्पर्शबिंदूंवर पडतो. यास्तव चर आरशासारखा गुळगुळीत असावा लागतो.

बेअरिंग उत्तम असलें तरी तें नीट बसलेलें नसेल तर टिकत नाहीं. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एका कापडगिरणींत स्वेन विंगक्विस्ट नांवाचा इंजिनिअर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचून यंत्रांचे फिरते दांडे तिरपे होत आणि बेअरिंगें वारंवार निकामी होत. दांड्याचा तिरपेपणा सांवरून घेणारें बेअरिंग त्यानें शोधून काढलें, आणि १९०७ सालीं एस्‌केएफ ही संस्था निघाली. पुढें याच संस्थेचा कारखाना पुण्याजवळ चिंचवड येथें उभा राहिला.

आपल्याकडे बेअरिंगचा मोठा वैरी म्हणजे पावसाळा. साचलेल्या पाण्यांतून गाडी गेली, आणि बेअरिंगचें झांकण जुनें झालेलें असलें, कीं पाणी व तांबड्या मातीचा बारीक कण आंत शिरतो. ग्रीस बिघडतें, पोलाद गंजतें, चरावर खळगे पडतात. त्या खळग्यांवरून छर्रे गेले म्हणजे गुणगुण ऐकूं येते.

तिची परीक्षा अवघड नाहीं. सपाट रस्त्यावर वेग तोच ठेवून गियर बदलावा. आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनाचा नव्हे. टायरचा आवाज डांबरी व सिमेंटच्या रस्त्यांवर निराळा येतो. बेअरिंगचा फारसा बदलत नाहीं. डावीकडे वळतांना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळीं गुणगुण वाढली, तर संशय उजव्या बाजूचा. उचललेलें चाक वरून व खालून धरून हालवावें. तें डुगडुगलें, किंवा फिरवितांना हातास खरखर लागली, तर बेअरिंग गेलें असें समजावें. तशीच गाडी हांकीत राहिल्यास बेअरिंग तापतें, चाक डळमळतें, आणि अखेरीस तें अडकण्याचा वा निखळण्याचा धोका असतो. परशुराम घाटांत असें झालें तर काय होईल, याची कल्पनाच करावी.

आतां दुरुस्तीकडे वळूं. उदाहरणादाखल १९८३ ते २०१४ या काळांत तयार झालेली मारुती ८०० घेऊं. तिच्या मागील ड्रममध्यें दोन बेअरिंगें, आणि त्यांच्यामध्यें अंतर राखणारी नळी असते. पुढील चाकांना लाकडी ठोकळे लावावे, मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल करावा, आणि गाडी उचलून भक्कम घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर हात घालूं नये. हातब्रेक सोडून ड्रम काढावा. ब्रेकची धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. ती श्वासांत जाणें अपायकारक आहे. नळी किंचित् बाजूस सारून जुनीं बेअरिंगें ठोकून काढतात. त्यांचें आयुष्य संपलेलेंच असल्यामुळें येथें हातोडा चालतो.

नवें बसवितांना मात्र तो चालत नाहीं. बाहेरचें कडें ड्रममध्यें घट्ट बसावयाचें असतें. म्हणून दाब त्याच कड्यावर, सर्व बाजूंनीं सारखा, प्रेसनें द्यावा. आंतल्या कड्यावर ठोकलें तर तो आघात छऱ्यांतून जातो आणि कोऱ्या चरांत खळगे पडतात. अशा रीतीनें ठोकून बसविलेलें नवें बेअरिंग थोड्याच दिवसांत गुणगुणूं लागल्याचें मीं पाहिलें आहे. दोष मात्र मालास दिला गेला. बेअरिंगची झांकलेली बाजू बाहेर ठेवावी आणि ग्रीस स्वच्छ हातानें भरावें. नट अंदाजानें न आंवळतां, गाडीच्या पुस्तकांतील अंक पाहून टॉर्क पान्यानें आंवळावा, व पिन नवीन घालावी. अलीकडील पुष्कळ गाड्यांत बेअरिंग व तुंबा मिळून एकच बंद भाग असतो; तो उघडीत नाहींत, सबंध बदलतात.

हें काम घरोघरीं करावें असें माझें म्हणणें नाहीं. परंतु गाडी कारागिराच्या हवालीं करतांना तीन प्रश्न अवश्य विचारावे : प्रेस आहे काय, टॉर्क पाना आहे काय, आणि पिन नवी घालणार काय? उत्तरें होकारार्थी आलीं तर गाडी निश्चिंतपणें सोंपवावी. न आलीं तर दुसरा कारागीर पाहावा. आणि हें सर्व चतुर्थीच्या आदल्या दिवशीं नव्हे, निदान पंधरा दिवस आधीं करावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.