पैसे घेणाऱ्यास पिन कशाला?

घरातील जुने कपाट विकावे म्हणून त्याचे छायाचित्र संकेतस्थळावर चढवावे, आणि घटकाभरातच, वस्तू न पाहता, आपण लष्करात असून बदलीच्या गडबडीत आहोत असे सांगणारा ग्राहक फोनवर अवतरावा, हा सहसा योगायोग नसतो. (घासाघीस न करणारे गिऱ्हाईक आपल्याकडे मुळातच संशयास्पद!) विश्वास बसावा म्हणून तो कधी रुपया-दोन रुपये खरोखर पाठवतो, आणि मग उरलेली रक्कम जमा होण्यासाठी म्हणून क्यूआर कोड धाडून तो स्कॅन करावयास व पिन टाकावयास सांगतो. वस्तुतः यूपीआयच्या देवघेवीत पिन म्हणजे आपल्या खात्यातून रक्कम वजा करण्याचा हुकूम होय. जमा होणाऱ्या पैशास त्याची दरकार नसते. फसगत झालीच, तर बँकेस वर्दी देऊन १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार गुदरावी.