रूळ शाबूत असतात, सांधा चुकतो

नगरहून दक्षिणेकडे निघालेली रेल्वेगाडी दौंडला पोहोचते, तेव्हा पुढे दोन वाटा फुटतात. एक पुण्याकडे, दुसरी सोलापूरकडे. गाडीने कोणती वाट धरावी हे इंजिनाच्या ताकदीवर नव्हे, रुळांच्या सांध्यावर ठरते. एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, नांदत असतील तर तेथेही असाच एक सांधा असतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. विंडोज ११ साठी आवश्यक असलेली टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था अनेक जुन्या यंत्रांत नाही. अशा वेळी विंडोजशेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसविणे हा बिनखर्चाचा मार्ग ठरतो. अहिल्यानगरच्या कापड बाजारातील अथवा दाळ मंडईतील एखाद्या दुकानाचा विचार करावा. हिशेबाची टॅली विंडोजवर चालते, तर घरातील मुलाचा अभियांत्रिकीचा अभ्यास लिनक्सवर. एकाच यंत्रात दोन्ही सुखाने राहतात.

मग एके सकाळी यंत्र सुरू होते, पण दोन नावांची नेहमीची यादी दिसत नाही. कधी सरळ विंडोज उघडते, तर कधी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे उमटतात. घरात धावपळ होते आणि कोणीतरी सल्ला देतो, ‘सगळे फॉरमॅट करून टाका.’ खरा धोका येथे आहे. संगणक सुरू न होण्याने सहसा काही पुसले जात नाही. घाईने केलेल्या फॉरमॅटमुळे मात्र वर्षानुवर्षांचे हिशेब जातात.

यंत्राला वीज मिळताच मदरबोर्डवरील यूईएफआय ही मूळ आज्ञावली जागी होते. ती डिस्कच्या एका छोट्या राखीव विभागात पाहून ठरलेल्या क्रमाने पुढील प्रणालीस बोलाविते. लिनक्सचा ‘ग्रब’ हा तेथील सांधेवाला. दोन्ही नावे तोच दाखवितो. विंडोज नव्याने बसविले, किंवा कधी मोठे अद्ययावतीकरण झाले, की विंडोजचे नाव क्रमात पहिले येते आणि ग्रबला कोणी विचारीत नाही. लिनक्स जागच्या जागी असते.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. यंत्र सुरू होताना कंपनीनुसार एफ २, एफ १२, एस्केप किंवा डिलीट कळ दाबावी आणि बूटची यादी उघडावी. तेथे ‘उबुंटू’ दिसले तर तेच निवडून पाहावे. चालले, तर क्रमात त्यास वर आणावे. ‘ग्रब रेस्क्यू’ आले असल्यास याच यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडावा. दुकानाचे काम अडत नाही. विंडोजमधून लिनक्सचा विभाग पुसला गेला की हा पडदा हमखास येतो. विभाग शाबूत असेल, तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ग्रब पुन्हा बसविता येतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र चूक वापरणाऱ्याची नव्हती. विंडोजच्या एका सुरक्षा-अद्ययावतीकरणानंतर दोन प्रणालींच्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईना; ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असा संदेश येई. ‘सिक्युअर बूट’ तात्पुरते बंद करणे हा तेव्हाचा एक उपाय होता. कायमची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली.

परंतु या उपायातही एक खाच आहे. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर सिक्युअर बूटला हात लावताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसेल तर डिस्कमधील माहिती असूनही हाती लागत नाही. बँकेच्या लॉकरची किल्ली आपण जशी जपतो, तशीच ही संख्या कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. त्याच संगणकात नव्हे.

आणखी एक सवय उपयोगी पडते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवावे. ते चालू असता विंडोज पूर्णपणे मिटत नाही, आणि लिनक्समधून त्याच्या फायलींत काही लिहिता येत नाही.

दिवाळीला वहीपूजन करणारी घरे जुन्या वह्याही जपून ठेवतात. संगणकातील वह्यांनाही तोच नियम लागू आहे. हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि दोन्ही प्रणालींचे पेन ड्राइव्ह आधीच तयार ठेवावेत. मग सांधा चुकला तरी घाबरण्याचे कारण उरत नाही. तो शांतपणे बदलता येतो.