दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून!

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडाभोवती काय आहे? दऱ्या! चुकून ‘दर्या’ लिहिलंत, तर गडाला समुद्राचाच वेढा पडेल!

हा ‘ऱ्या’ संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. युनिकोड २.० (१९९६) च्या रीतीत साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लागतं. आता मुख्य रीत आहे ती खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ची.

मग जुनी रीत काढून का टाकली नाही? कारण नियमातच लिहिलंय: ‘आवृत्ती २.० शी जुळावं म्हणून.’ एवढी नोंद नसती, तर कुणी नवा प्रोग्रॅमर ‘ही अडगळ कशाला?’ म्हणून ती पुसून मोकळा झाला असता. जुन्या मजकुरातल्या दऱ्यांचा मग दर्याच की!

तुम्हीही प्रोग्रॅम लिहाल, तेव्हा जुनं कुणासाठी ठेवलंय, ते शेजारीच लिहून ठेवा.