‘आमचं तीन किलोवॅटचं आहे!’

सोलर किती बसवलंय, असं विचारलं की उत्तर एका आकड्यात येतं. ‘तीन किलोवॅट.’ त्यामागची तक्रारही ठरलेली असते. ‘तीन किलोवॅट आहे हो, पण रात्री बारा वाजले की पंखा बंद. प्लेटाच डुप्लिकेट दिल्यात.’

प्लेटा बहुधा अस्सलच असतात, गफलत त्या आकड्यात असते. मळ्यातल्या वस्तीपासून खांब अर्धा-पाऊण किलोमीटर लांब असतो. कोटेशन भरूनही लाइन आलेली नसते. मग माणूस सोलरकडे वळतो, दुकानदार त्याला किलोवॅट ऐकवतो आणि हा तेच किलोवॅट गावभर सांगतो. प्लेटांच्या किलोवॅटवरून रात्री काय चालेल हे कळत नाही, ही साधी गोष्ट दोघांपैकी कुणीच बोलत नाही. दुकानदाराचं एक वेळ समजू शकतं, त्याला प्लेटा खपवायच्या असतात. पण विहिरीवर मोटार बसवताना पाणी किती, खोली किती, पाइप किती इंची, अशी दहा माणसांकडे चौकशी करणारा शेतकरी सोलर घेताना एकाच आकड्यावर समाधान मानतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं आणि थोडा रागही येतो.

मुळापासून बघू. किलोवॅट म्हणजे वीज कोणत्या वेगाने तयार होते किंवा खर्च होते ते. एकूण किती वीज झाली, हे युनिटात मोजतात. एक किलोवॅटने तासभर वीज मिळाली की एक युनिट. प्लेटेवर छापलेला वॅटचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश, अशा स्थितीतला. आपल्या रानात दुपारी सेलचं तापमान २५ अंश कधीच नसतं. खात्री करायची असेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात शेजारचा ‘एनओसीटी’ किंवा ‘एनएमओटी’ असा रकाना बघा. तिथे प्रकाश ८०० वॅट, हवा २० अंश आणि थोडा वारा धरलेला असतो. ५४० वॅटची प्लेट त्या रकान्यात साधारण ४०० वॅटवर येते. म्हणजे कंपनी काही लपवत नाही. आपण पहिला रकाना वाचून पत्रक मिटतो.

महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅट प्लेटांमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात. तीन किलोवॅटला बारा युनिट झाले. वस्तीवरच्या घराला हे रग्गड आहे. मग पंखा का थांबतो? कारण या बारा युनिटांतले बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात येतात आणि पंखा लागतो रात्री. मधला सगळा भार बॅटरीवर, आणि बॅटरीबद्दल कुणी काही विचारलेलंच नसतं.

अशा तीन किलोवॅटच्या ‘सेट’सोबत कित्येकदा १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या येतात. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर, म्हणजे १.८ युनिट. दोन्ही मिळून ३.६. पण या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या रोज तळापर्यंत उपसल्या तर लवकर मरतात. त्या निम्म्याच वापरायच्या असतात. राहिले १.८. त्यातलं इन्व्हर्टरमधून जाताना थोडं गळतं, हाती दीड युनिट लागतं. छपरावर बारा युनिटांचा थाट आणि रात्रीला दीड!

पुढचं तर याहून चीड आणणारं आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी हवी तेवढ्या जोरात चार्ज करता येत नाही. तिच्या अँपिअर-अवरच्या साधारण एक दशांश प्रवाह द्यावा, असा संकेत आहे. १५० च्या बॅटरीला १५ अँपिअर. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टवर चालवल्या, तर त्या सुमारे ४०० वॅट घेतात. छपरावर ३००० वॅटच्या प्लेटा आणि बॅटरी घेते ४००. उरलेली वीज दिवसा वापरली तर वापरली, नाहीतर कंट्रोलर ती घेतच नाही. आता अशा घरी रात्री पंखा बंद पडतो म्हणून दुकानदाराला फोन केला की तो काय सांगतो? ‘अजून दोन प्लेटा वाढवा.’ झऱ्याला पाणी कमी नाही, हौद लहान आहे, आणि हा सांगतो आणखी एक झरा फोडा!

हिशोब उलट्या टोकाने करायचा असतो. कागद घ्यावा आणि संध्याकाळी सात ते सकाळी सात काय काय चालतं ते लिहावं. नऊ वॅटचे पाच एलईडी बल्ब पाच तास, म्हणजे २२५ वॅट-अवर. टीव्ही ६० वॅटचा, तीन तास, १८०. लहान फ्रिजचे रात्रीपुरते ३०० धरा. इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाही वीज खातो. तासाला ३० वॅट-अवर धरले तरी बारा तासांचे ३६० झाले. हा आकडा कुणाच्याच कागदावर नसतो. राहिले दोन पंखे, आठ तास. जुने ७५ वॅटचे असतील तर १२००, नवे बीएलडीसीचे ३० वॅटचे असतील तर ४८०. नव्या पंख्यांसह बेरीज दीड युनिटाच्या जरा वर जाते, जुन्यांसह सव्वादोनच्या. म्हणजे नुसते पंखे बदलून रात्रीला ७२० वॅट-अवर वाचले. एक बॅटरी निम्मी वापरून ९०० मिळतात, हे लक्षात घेतलं तर दोन पंख्यांनी जवळजवळ एका बॅटरीचं काम केलं. दोन पंखे बॅटरीपेक्षा स्वस्त पडतात आणि दर पाच-सहा वर्षांनी बदलावेही लागत नाहीत.

हे झालं एका रात्रीचं. दुसऱ्या दिवशी झड लागली तर? मोजमाप आषाढातल्या रात्रीवर घ्यायचं, वैशाखातल्या दुपारवर नाही. झडीच्या दिवसांत एक किलोवॅटमागे दोन युनिट मिळाले तरी खूप, कधी तेही मिळत नाहीत. वरच्या घराची दिवसाची गरज धरून मी दोन किलोवॅट प्लेटा आणि चार बॅटऱ्या सुचवेन. तीन किलोवॅट आणि दोन बॅटऱ्यांपेक्षा हे गावात सांगायला कमीपणाचं वाटेल, पण पंखा सकाळपर्यंत फिरेल. लिथियम फेरो फॉस्फेटची बॅटरी परवडत असेल तर आणखी बरं. ती ८०-९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, भराभर चार्ज होते आणि टिकतेही जास्त. मात्र इन्व्हर्टर त्या व्होल्टेजचा आणि लिथियमला चालणारा हवा. जुन्यावर नुसती टेकवून चालत नाही.

बॅटरी घेताना १५० हा आकडाही फसवतो. घरगुती इन्व्हर्टरची १५० ची बॅटरी बहुधा ‘सी-२०’वर मोजलेली असते, म्हणजे वीस तासांत हळूहळू उपसली तर १५०. सोलरची ‘सी-१०’वर मोजतात. आकडा तोच, पण बॅटरी वेगळी. स्टिकरवर ते छापलेलं असतं.

आता पंप. ‘रात्रीची पाळी असते, तर सौरपंपाला बॅटरी लावू,’ असं म्हणणारे भेटतात तेव्हा बोलणं आवरावं लागतं. शंभर फुटांवरून दहा हजार लिटर पाणी वर काढायला, पंपाची आणि पाइपची गळती धरून, साधारण दोन युनिट लागतात. हे दोन युनिट बॅटरीत साठवायचे तर वर मांडलेल्या हिशोबाने तीन बॅटऱ्या हव्यात, आणि त्या काही वर्षांनी बदलायच्या. तेच पाणी दिवसा उपसून टाकीत किंवा शेततळ्यात ठेवलं की काम झालं. रात्री ठिबकला उंचावरच्या टाकीतून पाणी सोडा. सौरपंपाला बॅटरी नसते हा त्याचा दोष नाही. त्याचा कंट्रोलर उन्हाप्रमाणे मोटारीचा वेग कमी-जास्त करतो, म्हणून सकाळी पाणी बारीक येतं आणि दुपारी भरून. ‘सकाळी प्रेशर नाही, पंप खराब’ ही तक्रारही इथूनच निघते.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात. निकष जमिनीचा आहे, पाण्याच्या खोलीचा नाही. तेव्हा सहाशे फुटांच्या बोअरवर ३ एचपी बसवून धो-धो पाण्याची वाट बघू नये. पावसाळ्यात हा पंप बहुतेक वेळ बसून असतो आणि त्याच वेळी घराला वीज कमी पडते. याच प्लेटांवर कडबाकुट्टी किंवा पिठाची चक्की चालवायची सोय असलेला युनिव्हर्सल कंट्रोलर मिळतो. घराच्या इन्व्हर्टरवर कडबाकुट्टी लावण्यापेक्षा ते केव्हाही शहाणपणाचं. दोन एचपीची मोटार सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि तीन केव्हीएचा इन्व्हर्टर मान टाकतो. प्लेटा आणि बॅटरी यांच्याखेरीज विचारायचा तिसरा आकडा तो हा, इन्व्हर्टरच्या केव्हीएचा.

‘ऊन जितकं कडक, तितकी वीज जास्त’ हा समज तर शिकलेल्यांमध्येही घट्ट आहे. प्लेट प्रकाशावर चालते, उष्णता तिचं नुकसानच करते. सिलिकॉनच्या प्लेटेची क्षमता २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. हाही आकडा त्याच पत्रकात असतो. चंद्रपुरात मे महिन्यात हवा ४५ अंश असते तेव्हा सेल ७० पर्यंत जातात, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास घट. दिवस मोठा म्हणून मे महिन्याची बेरीज वाईट येत नाही, पण स्वच्छ आकाशाच्या थंड दुपारी प्लेट ज्या जोमाने चालते तो जोम तिथे नसतो. म्हणूनच प्लेटा पत्र्याला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा खेळायला हवा. आपल्याकडे तोंड दक्षिणेला आणि कल १८-२० अंशांचा ठेवला की पुरे.

‘सूर्यघर बसवलं, आता लाइट गेली तरी फिकीर नाही.’ फिकीर आहे. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (तीन किलोवॅटला ७८,००० रुपये) लाइनला जोडलेल्या घरगुती संचासाठी आहे, आणि असा साधा संच लाइन गेली की स्वतःच बंद होतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनी तसं बंधनच घातलंय, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरून उलटी आलेली वीज लागू शकते. लाइन गेल्यावरही चालायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. ज्या वस्तीवर लाइनच नाही तिला ही योजना लागू होत नाही, हेही कुणी सांगत नाही.

बाकीचे समज झटपट. ‘ढग आले की शून्य.’ नाही, पसरलेल्या उजेडावरही दहा ते तीस टक्के वीज मिळत राहते. ‘चांदण्यातही थोडी मिळते.’ पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या चार लाखांत एक भाग असतो, त्यावर मोबाइलही चार्ज होणार नाही. ‘एका प्लेटेवर नारळाची सावली पडली तर तेवढीच कमी.’ प्लेटा एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे झावळीची सावली तिच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त वीज खाते. ‘पाऊस धुतो, पुसायला नको.’ पाऊस चार महिने, धूळ आठ महिने. मात्र दुपारी तापलेल्या काचेवर बोअरचं खारं पाणी मारू नका, पांढरे डाग बसतात आणि काच तडकायची भीती असते. सकाळी लवकर धुवा. ‘पंचवीस वर्षं बघायला नको.’ पंचवीस वर्षांची हमी प्लेटेची असते, बॅटरीची आणि इन्व्हर्टरची नाही. ‘प्लेटा आभाळातली वीज ओढून घेतात.’ पत्र्याच्या छपरापेक्षा जास्त नाही. पण मोकळ्या रानात आजूबाजूला पडलेल्या विजेनेही इन्व्हर्टर जळतो, म्हणून अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर यांत काटकसर नको.

आणि एक समज हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘घरात जुना एमसीबी पडलाय, तोच प्लेटांच्या वायरला लावू.’ घरातला एमसीबी एसीचा असतो. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण पडताना उडालेली ठिणगी विझते. प्लेटांकडून येणारा प्रवाह डीसी असतो, तो शून्यावर येतच नाही. ठिणगी आत जळत राहते, डबी वितळते आणि शेजारी कडब्याची गंज असेल तर तीही पेटते. डीसीच्या एमसीबीवर ‘डीसी’ आणि तो किती व्होल्टचा हे दोन्ही छापलेलं असतं. दुकानात उभं राहून ते वाचावं, मगच पैसे द्यावेत.