पासवर्ड हवेतून जात नाही

वायफायचा पासवर्ड टाकला की फोन तो राउटरला कळवतो, असं बहुतेकांना वाटतं. खरं काय घडतं ते पाहायचं तर लॅपटॉपचं वायफाय कार्ड मॉनिटर मोडवर (हवेतलं सगळं ऐकण्याच्या स्थितीत) टाकावं, वायरशार्क हे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू करावं आणि फोन राउटरला जोडावा. राउटर अर्थात स्वतःच्या घरचाच; दुसऱ्याचं नेटवर्क असं चोरून ऐकू नये.

आधी ओळखदेखीच्या फ्रेम्स भराभर सरकतात. त्यांतल्या दोन फ्रेम्सवर ‘ऑथेंटिकेशन’ लिहिलेलं असतं, पण डब्ल्यूपीए2 या वायफाय सुरक्षा पद्धतीत तिथे काहीच तपासलं जात नाही. 1997 च्या मूळ मानकातली ती पायरी तशीच राहून गेली आहे. खरी परीक्षा पुढच्या चार संदेशांत. राउटर 32 बाइटचा एक यादृच्छिक आकडा पाठवतो. फोन स्वतःचाही तसाच आकडा काढतो. हे दोन्ही आकडे, दोघांचे मॅक पत्ते (उपकरणांचे ओळखक्रमांक) आणि पासवर्डपासून बनलेली मूळ किल्ली मिळून त्या वेळेपुरत्या नव्या किल्ल्या तयार होतात. मग फोन आपला आकडा धाडतो, सोबत नव्या किल्लीने उमटवलेली 16 बाइटची मोहोर. राउटर तोच हिशेब आपल्या बाजूने करतो. मोहोर जुळली तर तिसरा संदेश, त्यावर राउटरची मोहोर. म्हणजे फोनलाही राउटरची खात्री पटते. चौथ्यात नुसती पोच.

आता मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकावा. पहिला संदेश, दुसरा. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. तिसरा येतच नाही. ‘पासवर्ड चुकला’ असं राउटर कुठेच म्हणत नाही. त्याच्या गप्प बसण्यावरून फोन ते ओळखतो. गुपित न उच्चारता ते ठाऊक असल्याचं सिद्ध करणारी ही रचना मला फार सुंदर वाटते.

पण हे संदेश टिपणारा माणूस नंतर निवांत एकेक पासवर्ड घालून मोहोर जुळवत बसू शकतो. प्रत्येक अंदाज महाग पडावा म्हणून मूळ किल्ली काढताना नेटवर्कचं नाव मिसळून गणिताच्या 4096 फेऱ्या होतात. तरी आपल्याकडे सर्रास मोबाइल नंबरच पासवर्ड असतो! 6 ते 9 ने सुरू होणारे दहा आकडी नंबर फार तर 400 कोटी. वरच्या दर्जाच्या ग्राफिक्स कार्डाला ते तासाभराचं काम. राउटर बसवायला आलेला माणूसच मोबाइल नंबर पासवर्ड ठेवायचा सल्ला देतो तेव्हा वाईट वाटतं.

2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए3 ने संदेश टिपून नंतर अंदाज लावण्याची ही वाट बंद केली. तिथे प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावं लागतं. सेटिंगमध्ये तो पर्याय असेल तर जरूर निवडावा. जुना प्रिंटर किंवा टीव्ही अडत असेल तर निदान पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा ठेवावा. 63 अक्षरांपर्यंत मुभा आहे.